अडूर गोपालकृष्णन : चव्वेचाळीस वर्षे, बारा चित्रपट

१९७२ साली 'स्वयंवरम' आणि २०१६ साली 'पिन्नेयुम'. या दोन टोकांच्या मध्ये अडूर गोपालकृष्णन यांनी अवघे बारा कथापट केले. मल्याळम चित्रपटसृष्टीत एखादा व्यावसायिक दिग्दर्शक एवढी संख्या चार-पाच वर्षांत सहज गाठतो. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार पाच वेळा, २००४ सालासाठीचा दादासाहेब फाळके पुरस्कार, २००६ मध्ये पद्मविभूषण असा लौकिक असलेल्या माणसाने इतके कमी काम का केले, हा प्रश्न त्यांच्याबाबतीत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आळसात नाही आणि निव्वळ परिपूर्णतेच्या हट्टातही नाही. ते बव्हंशी पैशाच्या व्यवहारात आहे. 'स्वतंत्र दिग्दर्शक' हे बिरुद आपल्याकडे फार सैलपणे वापरले जाते. बाजारावर विसंबायचे नसेल तर पैसा आणायचा कोठून आणि त्याची परतफेड करायची कशी, हा रोकडा प्रश्न त्या बिरुदामागे उभा असतो. अडूर यांनी तो अर्धशतकात निरनिराळ्या प्रकारे सोडवला. त्यांची कारकीर्द म्हणजे एका श्रेष्ठ दिग्दर्शकाचा प्रवास आहेच, पण ती या उत्तरांचीही कहाणी आहे.

अडूर यांचा जन्म ३ जुलै १९४१ रोजी तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, अडूर गावाजवळ झाला. गावाचेच नाव पुढे त्यांची ओळख बनले. घराणे कथकलीला आश्रय देणारे होते. बालपणापासून रंगमंचाची ओढ, लहान वयात नाटकांतून भूमिका, पुढे स्वतः नाटके लिहिणे आणि बसवणे, असा त्यांचा आरंभीचा क्रम आहे. चित्रपट त्यात कोठेच नव्हता. तामिळनाडूतील गांधीग्राम ग्रामीण संस्थेतून त्यांनी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांत १९६१ साली पदवी घेतली आणि दिंडिगुलच्या परिसरात सरकारी सर्वेक्षणाच्या कामावर नोकरी धरली. आकडे गोळा करीत गावोगाव हिंडण्याची ही नोकरी त्यांनी वर्षभरात सोडली. १९६२ साली ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन आणि दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला दाखल झाले. तेथेही, चित्रपटाच्या शिक्षणाने आपली नाट्यकला अधिक सकस होईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओत ही संस्था १९६० मध्ये स्थापन झाली होती आणि अडूर हे तिच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. सतीश बहादूर यांच्यासारखे चित्रपट-रसास्वादाचे शिक्षक तेथे होते, ऋत्विक घटक यांचा सहवासही तेथेच लाभला. १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. जगभरचा चित्रपट रोज पाहायला मिळणे ही त्या काळी देशात अन्यत्र जवळजवळ अशक्य असलेली गोष्ट होती. नाटक करण्यासाठी आलेला हा विद्यार्थी १९६५ साली पदविका घेऊन बाहेर पडला तो नाटक मागे ठेवूनच. पुढे याच संस्थेच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी दोन वेळा भूषवले.

केरळमध्ये परतल्यावर मात्र करण्यासारखे काहीच नव्हते. मल्याळम चित्रपट तेव्हा मुख्यतः मद्रासच्या स्टुडिओंत तयार होत. केरळमधले स्टुडिओ मोजकेच, आणि तेथेही कथानकापासून गाण्यांच्या जागांपर्यंत सारे ठरलेले. त्याच वर्षी आलेल्या रामू करियत यांच्या 'चेम्मीन'ने राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवले होते खरे, पण तोही मुख्य प्रवाहातलाच चित्रपट होता. अडूर यांनी मद्रासला जाऊन कोणा बड्या दिग्दर्शकाचा साहाय्यक होण्याची रूढ वाट नाकारली. चित्रपट काढण्याआधी प्रेक्षक घडवायला हवा, असा उलटा विचार करून त्यांनी कुळत्तूर भास्करन नायर आणि इतर मित्रांसह १९६५ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये 'चित्रलेखा फिल्म सोसायटी' स्थापन केली. केरळमधल्या फिल्म सोसायटी चळवळीचा हा आरंभ मानला जातो. मुंबईतील 'प्रभात चित्र मंडळा'ची स्थापना त्यानंतर तीन वर्षांनी, १९६८ साली झाली, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पाठोपाठ त्याच मंडळींनी चित्रपटनिर्मितीसाठी सहकारी संस्था काढली. साखर, दूध, पतपेढी या क्षेत्रांतला सहकार महाराष्ट्राच्या अंगवळणी पडलेला आहे. चित्रपटाच्या निर्मितीसाठी सहकाराचा प्रयोग मात्र देशाला नवा होता. 'चित्रलेखा'ने पुढे तिरुवनंतपुरममध्ये स्वतःचा स्टुडिओही उभारला.

संस्था उभी राहिली तरी पहिला कथापट यायला सात वर्षे लागली. मधल्या काळात अडूर माहितीपट आणि लघुपट करीत राहिले. केंद्र सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने त्यांची एक पटकथा परत पाठवली. १९६९ मध्ये याच महामंडळाच्या पैशांतून मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आणि मणी कौल यांचा 'उसकी रोटी' आला आणि स्वस्तातल्या, ताऱ्यांविना केलेल्या चित्रपटांना कर्ज देण्याचे धोरण रुळले. त्याच धोरणाखाली 'स्वयंवरम'ला दीड लाख रुपयांचे कर्ज मंजूर झाले. चित्रपटाचा एकूण खर्च सुमारे अडीच लाख होता. उरलेली रक्कम 'चित्रलेखा'ने घातली.

'स्वयंवरम'चे कथानक चार ओळींत सांगता येते. विश्वम आणि सीता घरच्यांच्या इच्छेविरुद्ध एकत्र येतात आणि शहरात संसार मांडतात. त्याला लेखक व्हायचे असते. कादंबरी कोणी छापत नाही. शिकवणीवर्गातली नोकरी सुटते, लाकडाच्या वखारीत कारकुनी मिळते तीही कामावरून काढलेल्या दुसऱ्या एका माणसाच्या जागी. पुढे तो आजारी पडून मरतो. तान्हे मूल घेऊन सीता एकटी उरते आणि शेवटच्या दृश्यात दारावर थाप पडते. ती बंद दाराकडे पाहत राहते. चित्रपट तेथेच संपतो. थाप कोणाची, ती दार उघडते की नाही, माहेरी परत जाते की नाही, यातले काहीही दिग्दर्शक सांगत नाही. सारे काही उलगडून सांगणाऱ्या चित्रपटांना सरावलेल्या प्रेक्षकाला हा शेवट अपुरा वाटला असल्यास नवल नाही. गाणी नव्हती, विनोदी उपकथानक नव्हते, प्रत्यक्ष स्थळांवरचे आवाज मात्र भरपूर होते. पहिल्या प्रदर्शनाला प्रतिसाद थंड मिळाला. त्यानंतर राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री (शारदा) आणि छायाचित्रण (मंकडा रवी वर्मा) असे चार मानाचे पुरस्कार एका पदार्पणाला मिळाले. चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लावण्यात आला आणि या खेपेस खर्च वसूल झाला. पुरस्कारामुळे चित्रपट तरतो, हे समांतर सिनेमाच्या अर्थकारणाचे सूत्र अडूर यांच्या बाबतीत पहिल्याच वेळी खरे ठरले. त्या सूत्रावर आयुष्यभर विसंबून राहणे किती जोखमीचे, हे त्या पिढीतल्या अनेकांनी पुढे अनुभवले.

दुसरा चित्रपट 'कोडियेट्टम' यायला आणखी पाच वर्षे गेली (१९७७). मंदिराच्या उत्सवाच्या आरंभी ध्वज चढवतात, त्या विधीचे हे नाव. नायक शंकरनकुट्टी हा गावातला रिकामटेकडा, खादाड, भाबडा माणूस. बहीण शहरात घरकाम करून पैसे पाठवते, हा पोरांबरोबर खेळतो आणि जत्रांमागे फिरतो. भरधाव ट्रक अंगावर चिखल उडवून जातो तेव्हा तो चिडत नाही, वेगाचे कौतुक करतो. लग्न होते, बायको कंटाळून माहेरी जाते, आणि त्या एकटेपणात, ट्रकवर काम करता करता, हा माणूस हळूहळू मोठा होतो. चित्रपटात पार्श्वसंगीत अजिबात नाही. 'स्वयंवरम'मध्ये कामावरून काढलेल्या माणसाची छोटी भूमिका करणारे गोपी येथे नायक झाले आणि त्यांनी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. नाटकातून आलेल्या, टक्कल पडलेल्या, नायकाच्या कोणत्याच साच्यात न बसणाऱ्या या नटाला पुढे 'भरत गोपी' म्हणून देश ओळखू लागला. 'चित्रलेखा'ने निर्मिलेला अडूर यांचा हा अखेरचा कथापट.

यानंतरचा अध्याय एका काजू व्यापाऱ्याचा आहे. कोल्लमचे के. रवींद्रनाथन नायर काजूच्या निर्यातीत मोठे झाले होते. 'जनरल पिक्चर्स' या त्यांच्या संस्थेने एकंदर चौदा चित्रपट काढले. त्यांत जी. अरविंदन यांचे 'कांचन सीता', 'तंपू', 'कुम्माट्टी' होते आणि अडूर यांचे 'एलिप्पत्तायम', 'मुखामुखम', 'अनंतरम' व 'विधेयन' होते. पैसा द्यायचा आणि दिग्दर्शकाच्या कामात लक्ष घालायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. धंद्यातला नफा चित्रपटात घालून तो परत येण्याची वाट न पाहणारा असा निर्माता भारतीय चित्रपटाच्या इतिहासात विरळाच. २०२३ साली त्यांचे निधन झाले तेव्हा केरळबाहेरच्या वृत्तपत्रांत त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. अडूर आणि अरविंदन यांची नावे जगभर झाली, त्यामागे काजूचा पैसा होता, ही नोंद चित्रपटाच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

'एलिप्पत्तायम' (१९८१) हा अडूर यांचा पहिला रंगीत चित्रपट आणि बहुतेक समीक्षकांच्या मते त्यांची सर्वश्रेष्ठ कृती. नावाचा अर्थ उंदरांचा सापळा. नायर समाजातील मातृवंशीय एकत्र कुटुंबाचे घर म्हणजे 'तरवाड'. तेथे मालमत्तेचा वारसा स्त्रियांकडून चाले, कारभार मामाकडे किंवा भावाकडे असे. १९७० पासून अमलात आलेल्या जमीन सुधारणांनी या घरांच्या कुळांच्या जमिनी गेल्या आणि १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच संपुष्टात आणली. चित्रपटाचा नायक उण्णी हा अशा एका पडीक तरवाडाचा कारभारी. वय चाळिशीपुढचे. अंगणात गाय शिरली तर तिला हाकलायलाही बहिणीला हाक मारणारा, वाटेत पाणी साचलेले दिसले तर समारंभाला जायचे सोडून घरी परतणारा, रात्री नारळ चोरीला जात असल्याचे कळले तरी अंथरुणातून न उठणारा. थोरली बहीण जानम्मा हिश्श्यासाठी येते. मधली राजम्मा राबत राहते, तिच्यासाठी आलेली स्थळे उण्णी या ना त्या कारणाने परतवतो. धाकटी श्रीदेवी पळून जाते. घरातल्या उंदरांना सापळ्यात पकडून तळ्यात बुडवण्याचे काम हीच श्रीदेवी करीत असे.

उण्णीविषयी चित्रपटाला राग नाही, दयाही नाही. कॅमेरा त्याच्याकडे पाहत राहतो, इतकेच. घरातल्या दारांची कडी, तेलाचा दिवा, उण्णीच्या पांढऱ्या मिशा उपटण्याचे दृश्य, असे तपशील साचत जातात आणि प्रेक्षकाला त्या घराचा कोंदटपणा श्वासात जाणवू लागतो. बहिणींपैकी प्रत्येकीच्या वस्त्रांना अडूर यांनी वेगळा रंग दिला आहे. बंडखोर श्रीदेवीच्या वाट्याला लाल आला आहे. शेवटी राजम्मा आजारी पडते, तिला उचलून नेले जाते आणि उण्णी एकटा अंधारात दडून बसतो. रात्री माणसे येऊन त्याला फरफटत नेतात आणि तळ्यात टाकतात, उंदराला टाकावे तसे. तो थंडीने कुडकुडत, हात जोडून पाण्यातून वर येतो. करमन जनार्दनन नायर यांचा हा अभिनय भारतीय पडद्यावरच्या अविस्मरणीय कामगिऱ्यांत मोडतो. चित्रपट १९८२ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला आणि त्याच वर्षी लंडनमध्ये त्याला ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा सदरलँड करंडक मिळाला. सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'ला हा मान त्यापूर्वी मिळाला होता. उण्णीसारखी माणसे केवळ केरळमध्येच होती असे नाही. कूळकायद्यानंतर कोकणातल्या आणि देशावरच्या कित्येक वाड्यांनी ती पाहिली आहेत. मराठी चित्रपटाने त्या माणसाकडे इतक्या निष्ठुर स्थिरतेने पाहिल्याचे सहसा आढळत नाही.

'मुखामुखम'ने (१९८४) डाव्या विचारांच्या केरळला दुखावले. कौलांच्या कारखान्यातील कामगारांचा नेता श्रीधरन मालकाच्या खुनानंतर नाहीसा होतो. तो मेला असे समजून त्याचे स्मारक उभारले जाते. दहा वर्षांनी तो परततो तेव्हा पक्षात फूट पडलेली असते. दोन्ही गट त्याच्याकडे आशेने पाहतात आणि तो मात्र दारू पिऊन झोपून राहतो. अखेर त्याचा खून होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने जंगी मिरवणूक निघते. जिवंत नेत्यापेक्षा मेलेला नेता पक्षाला सोयीचा, असा अर्थ त्यातून काढला गेला आणि चित्रपट कम्युनिस्टविरोधी असल्याची टीका झाली. लोकांना नेता हवा असतो की नेत्याची प्रतिमा, हा अडूर यांचा प्रश्न एका पक्षापुरता नव्हता. पण १९८४ च्या केरळमध्ये तो तसा वाचला जाणे अपरिहार्य होते. दिग्दर्शनाचा दुसरा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना याच चित्रपटाने दिला. तिसरा 'अनंतरम'ने (१९८७). एकच तरुण आपलीच हकिकत दोनदा, दोन प्रकारे सांगतो, अशी रचना असलेला हा चित्रपट अभ्यासकांना फार आवडतो. सर्वसाधारण प्रेक्षकाला तो कोड्यासारखा वाटतो, आणि त्यात प्रेक्षकाचा सारा दोष आहे असे म्हणता येणार नाही.

वैकम मुहम्मद बशीर यांच्या आत्मकथनपर लघुकादंबरीवरील 'मतिलुकल' (१९९०) अडूर यांनी स्वतः निर्माण केला. 'मतिलुकल' म्हणजे भिंती. स्वातंत्र्यापूर्वी लेखनाबद्दल तिरुवनंतपुरमच्या मध्यवर्ती तुरुंगात असलेला बशीर उंच भिंतीपलीकडच्या स्त्रियांच्या तुरुंगातील नारायणीशी बोलू लागतो. ती पडद्यावर एकदाही दिसत नाही. सुकलेली काटकी भिंतीवर उंच उडवणे ही तिची खूण. दोघांची भेट ठरते आणि नेमकी त्याच सुमारास बशीरच्या सुटकेची आज्ञा येते. स्वातंत्र्याची वाट पाहणाऱ्या कैद्याला स्वातंत्र्य नकोसे व्हावे, हा या गोष्टीचा पेच. नारायणीला आवाज दिला तो के.पी.ए.सी. ललिता यांनी. केरळमधल्या घराघरांत ओळखीचा असलेला हा आवाज वापरावा की अनोळखी, यावर तेव्हा बराच वाद झाला. बशीरच्या भूमिकेत मामुट्टी होते. लोकप्रिय ताऱ्याला घेऊन अडूर यांनी तडजोड केली, अशी कुजबुज होती. चित्रपट पाहिल्यावर ती थांबली. मामुट्टी यांना त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो या आणि 'ओरु वडक्कन वीरगाथा' या चित्रपटांसाठी, तर अडूर यांना दिग्दर्शनाचा चौथा.

त्याच मामुट्टी यांना अडूर यांनी 'विधेयन'मध्ये (१९९३) क्रूर जमीनदार भास्कर पटेलर केले. झकारिया यांच्या लघुकादंबरीवरील ही गोष्ट दक्षिण कर्नाटकात घडते. पोट भरण्यासाठी केरळमधून आलेला तोम्मी या जमीनदाराचा आश्रित होतो. पटेलर त्याला लाथाडतो, त्याच्या बायकोचा उपभोग घेतो आणि तोम्मी हळूहळू त्याच्याशी एकनिष्ठ होत जातो. इतका की, बायकोच्या अंगाला येणारा पटेलरच्या अत्तराचा वास त्याला आवडू लागतो. गुलामगिरीचे वर्णन करणारे चित्रपट पुष्कळ आहेत. गुलामाला गुलामी गोड कशी वाटू लागते, हे दाखवण्याचे धाडस थोड्यांनी केले. एम. आर. गोपकुमार यांचा तोम्मी त्या दृष्टीने मामुट्टी यांच्या पटेलरइतकाच मोलाचा आहे.

'निळलकुत्तु' (२००२) मध्ये १९४० च्या दशकातील त्रावणकोरचा फाशी देणारा कालियप्पन आहे. आपण एका निरपराध माणसाला लटकवले, ही टोचणी त्याला दारूत बुडवते. गावाला मात्र तो हवा असतो, कारण फासाच्या दोराची राख औषध म्हणून दिली जाते. राजाकडून दयेचा हुकूम निघतो, पण तो नेहमी फाशी झाल्यानंतरच पोहोचेल अशी व्यवस्था असते. पाप राजाला लागू नये म्हणून. सापळा, भिंती, दास्य, फास या क्रमाने पाहिले तर एकच चिंता अडूर यांच्या पाठीस लागलेली दिसते. माणूस बांधला कसा जातो, आणि त्या बंधनात त्याचा स्वतःचा वाटा किती?

काम करण्याची त्यांची पद्धत पुण्यात शिकलेल्या शिस्तीची आणि कथकलीच्या घरातून आलेल्या काटेकोरपणाची होती. पटकथा ते स्वतः लिहितात, परकी गोष्ट घेतली तरी. नटांना संपूर्ण पटकथा दिली जात नाही, प्रसंग तेवढा समजावून दिला जातो. तालमी भरपूर होतात. सहकारी वर्षानुवर्षे तेच राहिले. मंकडा रवी वर्मा यांनी पहिले आठही चित्रपट चित्रित केले आणि नवव्यात प्रकृती साथ देईनाशी झाल्यावर काम सनी जोसेफ यांच्याकडे गेले. संकलक एम. मणी आणि ध्वनिमुद्रक देवदास हेही असेच जुने सोबती. एका चित्रपटानंतर पुढचा सुचेपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी असे. त्या मोकळ्या वर्षांत माहितीपट होत. कथकलीचे गुरू चेंगन्नूर, कलामंडलम गोपी, कलामंडलम रामनकुट्टी नायर यांच्यावरील आणि कूडियाट्टम या प्राचीन संस्कृत नाट्यपरंपरेवरील त्यांचे माहितीपट ही आता त्या कलांची दस्तऐवजी ठेव बनली आहे.

काजू व्यापाऱ्याचा आधार संपल्यावर परदेशी भागीदारी आली. 'कथापुरुषन' (१९९५) जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या सहभागाने झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'निळलकुत्तु'ला फ्रान्सची साथ होती. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कथांवरील 'नालु पेण्णुंगल'ने (२००७) दिग्दर्शनाचा पाचवा पुरस्कार दिला. पाठोपाठ तकळींच्याच कथांवर 'ओरु पेण्णुम रंडाणुम' (२००८) आला आणि मग आठ वर्षांचा खंड पडला. 'पिन्नेयुम'मध्ये विम्याच्या पैशासाठी स्वतःच्या मृत्यूचा बनाव रचणाऱ्या माणसाची कथा होती. हा चित्रपट त्यांनी प्रथमच डिजिटल कॅमेऱ्यावर केला, दिलीप आणि काव्या माधवन हे लोकप्रिय कलावंत घेतले, तरी समीक्षकांची निराशा झाली. ती अनाठायी नव्हती. पूर्वीच्या चित्रपटांत न बोलता कळणारे येथे संवादांतून सांगितले जात होते.

अडूर यांच्यावरील जुना आक्षेप असा, की त्यांचे जग मुख्यतः नायर तरवाडाचे आणि मध्यमवर्गाचे आहे. केरळमधील दलित माणूस त्यात केंद्रस्थानी जवळजवळ नाही. दीर्घकाळ हा आक्षेप समीक्षेपुरता राहिला. उतारवयात तो सार्वजनिक वादाचा विषय झाला. कोट्टायमजवळील के. आर. नारायणन चित्रपट संस्थेच्या संचालकांवर जातीय भेदभावाचे आरोप करीत २०२२ च्या डिसेंबरात विद्यार्थ्यांनी संप पुकारला. संस्थेचे अध्यक्ष असलेल्या अडूर यांनी संचालकांची बाजू घेतली. संचालकांनी पद सोडल्यानंतर जानेवारी २०२३ अखेरीस त्यांनीही राजीनामा दिला.

त्याहून मोठे वादळ ऑगस्ट २०२५ मध्ये उठले. केरळ सरकार अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला दिग्दर्शकांना राज्य चित्रपट विकास महामंडळामार्फत दीड कोटी रुपयांपर्यंत निर्मितिसाहाय्य देते. श्रुती शरण्यम यांचा 'बी ३२ मुतल ४४ वरे' (२०२३) हा याच योजनेतून आलेला चित्रपट. तिरुवनंतपुरममधील चित्रपट धोरण परिषदेच्या समारोपात बोलताना अडूर म्हणाले, की या दिग्दर्शकांना आधी किमान तीन महिन्यांचे प्रशिक्षण द्यावे, आणि एकाला दीड कोटी देण्यापेक्षा पन्नास लाखांप्रमाणे तिघांना द्यावेत. पैसा जनतेचा आहे आणि तो वाया जाऊ नये, हा त्यांचा मुद्दा. सभागृहातच त्यावर आक्षेप घेतला गेला, पुढे निषेध आणि पोलिसांकडे तक्रारीही झाल्या. आपण जातीचा उल्लेख अवमानासाठी केला नाही, आणि माफी मागण्याचे कारण नाही, अशी भूमिका अडूर यांनी घेतली.

काटकसर आणि प्रशिक्षण हे त्यांचे आग्रह त्यांच्या चरित्राशी सुसंगत आहेत. त्यांनी स्वतः तीन वर्षे पुण्यात घालवली आणि अडीच लाखांत पहिला चित्रपट केला. तथापि प्रशिक्षणाची अट त्यांनी एका ठरावीक गटापुढेच ठेवली, इतर नवोदितांपुढे नाही, हे टीकाकारांचे म्हणणे टाळता येण्यासारखे नाही. 'स्वयंवरम'चे दीड लाखही जनतेचेच होते, आणि ते एकही कथापट नावावर नसलेल्या माणसाला देण्यात आले होते. सांस्कृतिक कार्यमंत्री साजी चेरियन यांनी परिषदेच्या व्यासपीठावरूनच योजनेचे समर्थन केले. इतकी वर्षे ज्यांना चित्रपटाच्या जवळही येता आले नाही, त्यांच्यासाठी हा पैसा आहे, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.